वाढत्या अंगाचे कपडे



तयार कपड्यांची दुकाने गल्लोगल्ली नव्हती, त्या काळी घरातील मुलांचे कपडे शिवायला टाकताना आई शिंप्याला एक सूचना हमखास देत असे, ‘वाढत्या अंगाचे शिवा.’ शिंपीही कापड बेतताना शिवणीच्या आत थोडी माया सोडत असे. फ्रॉकच्या घेराला खाली रुंद दुमड असे. मूल वाढले की शिवण उसवायची, दुमड सोडायची आणि तोच कपडा आणखी वर्षभर वापरायचा. यात काटकसर होती हे उघड आहे. पण त्या काटकसरीच्या पोटात एक समजूतदारपणाही होता. मूल वाढते आहे, त्याला वाढण्यासाठी अवकाश आणि अवधी हवा, आणि कपड्याने त्या वाढीच्या मागून चालायचे आहे, हे त्यात गृहीत धरलेले होते.

भाषेतही त्याची खूण सापडते. कुंची, टोपडे, झबले, अंगडे हे शब्द केवळ बालकांच्या वस्त्रांचे आहेत. मोठ्या माणसाला झबले नसते आणि कुंचीही नसते. बालपणाला स्वतःचा वेष होता, कारण बालपण ही स्वतंत्र अवस्था आहे, असे समाज मानत होता. आजच्या बाजारपेठेत मुलांच्या विभागात हिंडताना मात्र निराळाच अनुभव येतो. तेथे टांगलेले पुष्कळसे कपडे मुलांसाठी कल्पिलेलेच नसतात. मोठ्यांच्या फॅशनचे, मोठ्यांच्या हेतूने बेतलेले कपडे लहान मापात कापून ‘वय ४ ते ५’, ‘वय ६ ते ७’ अशी चिठ्ठी लावून ठेवलेले असतात. माप मुलाचे असते, हेतू मात्र मुलाचा नसतो. पालकांच्या मनातील अस्वस्थतेचे मूळ येथे आहे.

आक्षेप नेमका कशाला?

या विषयावर बोलताना पहिली दक्षता घ्यावी लागते ती आक्षेप नेमका कशाला आहे हे स्पष्ट करण्याची. एरवी चर्चा ताबडतोब ‘आखूड की लांब’, ‘पाश्चात्त्य की भारतीय’ या वळणावर जाते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

वैशाखातील उकाड्यात चार वर्षांच्या मुलीने बिनबाह्यांचा सुती फ्रॉक घालावा, यात वावगे काहीच नाही. मैदानावर धावणाऱ्या मुलीने अर्धी विजार घालावी, पोहणाऱ्या मुलीने पोहण्याचा पोशाख घालावा, जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलीने त्या खेळाचा वेष घालावा, यातही काही वावगे नाही. हे सारे कपडे मुलीच्या कामासाठी आहेत. त्यांत तिला वारा लागतो, पळता येते, उडी मारता येते.

आक्षेप आहे तो निराळ्या वस्तूंना. सहा-सात वर्षांच्या मुलीसाठी छातीला उभार देणारे अस्तर लावलेला टॉप, आत अस्तर नसलेल्या पारदर्शक जाळीचा झगा, चालताना तोल जाईल अशा उंच टाचांच्या चपला, प्रौढ प्रणयाचे सूचक वाक्य छापलेला टी-शर्ट, या त्या वस्तू होत. मुलग्यांच्या टी-शर्टवरही मुलींना भुलवण्याची, मस्तवालपणाची वाक्ये छापलेली असतात. अक्षरे इंग्रजीत असतात, रंग आकर्षक असतो, आणि घाईत खरेदी करणारे सुशिक्षित आई-वडीलही ती न वाचता पाच वर्षांच्या मुलाच्या अंगावर चढवतात.

या दोन प्रकारांतील भेद कापडाच्या लांबी-रुंदीत नाही. पहिल्या प्रकारात कपडा मुलाच्या सोयीसाठी असतो. दुसऱ्या प्रकारात तो पाहणाऱ्याच्या नजरेसाठी असतो. मुलाला अजून ठाऊकही नसलेल्या आकर्षणाची भाषा तो त्याच्या अंगावरून बोलू लागतो. ही भाषा मुलाची नव्हे, ती त्याच्या तोंडी घातलेली आहे.

ब्रिटनमधील पालकांनी काय केले?

ही चिंता जुन्या वळणाच्या भारतीय घरांपुरती आहे, अशी टीका कधी कधी ऐकू येते. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या देशांतून ही फॅशन येते, त्या देशांतील पालकांनी यावर आपल्या आधी आणि अधिक संघटितपणे आवाज उठवला आहे.

अमेरिकेत २००२ मध्ये ॲबरक्रॉम्बी अँड फिच या प्रसिद्ध कंपनीने शाळकरी मुलींच्या मापाची, सूचक शब्द छापलेली अंतर्वस्त्रे विक्रीस आणली, तेव्हा पालकांनी तीव्र निषेध नोंदवला. याच कंपनीने २०११ मध्ये आपल्या मुलांच्या विभागात उभार देणारा पोहण्याचा पोशाख आणला आणि पुन्हा टीका झाल्यावर वर्णन बदलून तो १२ वर्षांवरील मुलींसाठी असल्याचा खुलासा केला. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये एका अभ्याससंस्थेने मुलांना प्रौढांप्रमाणे सजवून केल्या जाणाऱ्या जाहिरातींवर अहवाल प्रसिद्ध केला, मोठे वादळ उठले आणि २००८ मध्ये तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीने या विषयाची चौकशी केली.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र ब्रिटनचे आहे. एप्रिल २०१० मध्ये प्रायमार्क या स्वस्त कपड्यांच्या दुकानसाखळीत सात-आठ वर्षांच्या मुलींच्या मापाचा, आत अस्तर भरलेला बिकिनी पोशाख विकला जात असल्याचे वृत्तपत्रांतून पुढे आले. त्या वेळी तेथे सार्वत्रिक निवडणुकीचा प्रचार ऐन भरात होता. राजकीय नेत्यांनी निषेध केला, कंपनीने क्षमा मागून तो माल मागे घेतला आणि त्यातून मिळालेला नफा बालकांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेला देण्याचे जाहीर केले.

प्रकरण तेवढ्यावर मिटले असते तर त्याचे स्मरण ठेवण्याचे कारण नव्हते. पण पुढे आलेल्या सरकारने मुलांच्या बाजारीकरणाची आणि अकाली प्रौढत्वाची तपासणी करण्याचे काम ‘मदर्स युनियन’ या ख्रिस्ती संस्थेचे मुख्य कार्यकारी रेग बेली यांच्याकडे सोपवले. जून २०११ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याचे शीर्षकच ‘मुलांना मूल राहू द्या’ अशा अर्थाचे होते. मुलांवर लवकर मोठे होण्याचे दडपण आहे, असे त्यासाठी विचारणा केलेल्या पालकांपैकी जवळजवळ दहांतील नऊ जणांनी सांगितले होते. तक्रार करून काही उपयोग होणार नाही अशा समजुतीने असंख्य पालक गप्प बसतात, ही बाबही त्या अहवालाने समोर आणली.

त्याच महिन्यात ब्रिटनमधील किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने मुलांच्या कपड्यांसाठी मार्गदर्शक नियमावली प्रसिद्ध केली आणि अनेक मोठ्या दुकानसाखळ्यांनी ती स्वीकारली. मुलांच्या कपड्यांवरील वाक्ये आणि चित्रे वयाला साजेशी असावीत, त्यांत दुसरा अर्थ दडलेला नसावा. आतून अस्तर नसलेले पारदर्शक कापड मुलांसाठी वापरू नये. वयात येणाऱ्या मुलीचे पहिले अंतर्वस्त्र आधारासाठी आणि लज्जारक्षणासाठी असावे, उभारासाठी नव्हे. पादत्राणांच्या टाचेची उंची वय पाहून ठरवावी. असा त्या नियमावलीचा आशय होता.

यातील महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे नियम कोणा धर्मगुरूने किंवा पोलीस खात्याने लादलेले नव्हते. दुकानदारांनी ते स्वतःवर घालून घेतले, कारण गिऱ्हाईक असलेल्या आई-वडिलांनी ‘हे आम्हाला नको’ असे स्पष्टपणे सांगितले. बाजारपेठेला पालकांचा रोष समजतो. मौन मात्र तिला संमतीसारखे वाटते.

बाजाराचे गणित

व्यापारी असे का करतात, याचेही उत्तर शोधले पाहिजे. त्यामागे द्वेष नाही, गणित आहे.

मुलांचे अंग झपाट्याने वाढते. त्यामुळे त्यांचे कपडे मोठ्यांपेक्षा लवकर बदलावे लागतात. पण ही नैसर्गिक गरज बाजाराला पुरत नाही. फ्रॉक लहान होण्याआधीच तो ‘जुना’ झाला पाहिजे, अशी व्यवस्था करावी लागते. फॅशन हेच काम करते. शिवाय जे नाममुद्रेचे आकर्षण पूर्वी महाविद्यालयीन वयात निर्माण होत असे, ते सहाव्या-सातव्या वर्षी निर्माण करता आले, तर दहा वर्षांचे गिऱ्हाईक अधिक मिळते. बाल्य आणि किशोरवय यांच्या मधल्या वयोगटाला इंग्रजीत ‘ट्वीन’ असे नाव पडले, ते मुख्यतः विक्रेत्यांमुळे रूढ झाले. किशोरांसाठी ठेवलेला माल त्यांच्या धाकट्या बहिणीने मागावा आणि बहिणीचा तिच्याहून धाकटीने, अशी ही उतरंड आहे.

हट्ट हे या गणितातले दुसरे पद. वस्तू मुलाला दाखवायची आणि पैसे पालकाच्या खिशातून काढायचे. मुलांची विवेकशक्ती अजून घडत असते, हे ओळखून काही शासनांनी याला बांध घातला. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८० पासून १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यास मनाई आहे. स्वीडनने १९९१ मध्ये १२ वर्षांखालील मुलांसाठीच्या दूरचित्रवाणी जाहिरातींवर बंदी घातली. त्यानंतर मात्र मोबाइल आला, आणि जाहिरात व करमणूक यांच्यातील सीमारेषाच पुसट झाली. आता एखादी चिमुरडी आरशासमोर नवे कपडे घालून मिरवताना दिसते, त्या दृश्याला हजारो ‘पसंत्या’ मिळतात, आणि ती जाहिरात आहे हे पाहणाऱ्या दुसऱ्या चिमुरडीला समजत नाही.

या मालाचे प्रमाण किती, असा प्रश्न पडेल. अमेरिकेतील केनियन महाविद्यालयाच्या संशोधकांनी तेथील पंधरा लोकप्रिय दुकानांच्या संकेतस्थळांवरील मुलींच्या ५,६६६ कपड्यांची पाहणी करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे ३० टक्के कपड्यांत प्रौढ आकर्षण सूचित करणारी वैशिष्ट्ये आढळली. अधिक विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. निव्वळ प्रौढ वळणाचे कपडे केवळ ४ टक्के होते. उरलेल्या, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश कपड्यांत दोन्ही गोष्टींची सरमिसळ होती. गुलाबी रंग, फुलपाखरू, ठिपके यांमुळे कपडा बालिश वाटतो, आणि त्याची कापणी मात्र निराळे काही सांगत असते. पालकांची दृष्टी फुलपाखरावर स्थिरावते आणि कापणी नजरेआड राहते.

मुलांच्या मनावर काय परिणाम होतो?

‘लहान आहे, तिला काय कळते?’ हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. कळत नाही, हे खरे आहे. म्हणूनच ते तिच्या नकळत आत उतरते.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने २००७ मध्ये या विषयावर विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. मुलींचे मोल त्यांच्या देहाच्या आकर्षकतेवर ठरवणाऱ्या वातावरणाचा संबंध आहाराच्या विकृती, आत्मसन्मानाचा अभाव आणि नैराश्य या तीन तक्रारींशी असल्याचे त्या अहवालाने दाखवले. त्याच दिशेचा एक प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. विद्यापीठातील तरुण-तरुणींना आरसा असलेल्या खोलीत एकेकटे पाठवून काहींना स्वेटर आणि काहींना पोहण्याचा पोशाख घालण्यास सांगण्यात आले. नंतर तोच पोशाख अंगावर असताना त्यांना गणिते सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातील तरुणींची कामगिरी स्वेटर घातलेल्या तरुणींपेक्षा उणी ठरली. तरुणांत असा फरक दिसला नाही. खोलीत पाहणारे दुसरे कोणीही नव्हते. तरीही ‘आपण कशा दिसतो’ या विचाराने मनाचा एक कोपरा व्यापून टाकला. जाणत्या तरुणींची ही अवस्था असेल, तर सात वर्षांच्या मुलीने दिवसभर स्वतःकडे बाहेरून पाहत राहावे अशी सवय लावणे म्हणजे तिच्या अभ्यासातून आणि खेळातून केवढा वाटा काढून घेणे आहे, याचा विचार करावा.

आणखी एक अभ्यास पालकांनी लक्षात ठेवावा असा आहे. अमेरिकेत ६ ते ९ वर्षे वयाच्या ६० मुलींसमोर कागदी बाहुल्यांच्या जोड्या ठेवण्यात आल्या. एका बाहुलीला भडक, प्रौढ वळणाचे कपडे होते, दुसरीला अद्ययावत परंतु साधे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६८ टक्के मुलींनी ‘मला अशी दिसायला आवडेल’ म्हणून भडक कपड्यांतील बाहुली निवडली, आणि ७२ टक्के मुलींच्या मते तीच अधिक लोकप्रिय होती. परंतु त्याच अभ्यासात आशेचाही धागा आहे. ज्या माता दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या गोष्टींविषयी आपल्या मुलींशी बोलत होत्या, त्यांच्या मुलींवर हा प्रभाव कमी दिसला. नृत्य शिकणाऱ्या मुलींनीही साध्या कपड्यांतील बाहुली अधिक प्रमाणात निवडली. ज्या मुलीला आपले शरीर गिरकी घेण्यासाठी आहे हे ठाऊक असते, तिला ते केवळ दाखवण्यासाठी आहे असे सहसा वाटत नाही. मैदान, तालीम, पोहण्याचा तलाव आणि नृत्याचा वर्ग यांचे मोल या दृष्टीनेही पाहिले पाहिजे.

दोष बाहेर ढकलून चालणार नाही

हे सारे ऐकून ‘पश्चिमेने आपली मुले बिघडवली’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. मुलीला वयाआधी मोठे करण्याचा दोष आपल्या समाजाने स्वतःच्या हातांनीही केला आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आठ-नऊ वर्षांच्या मुलीला लुगडे नेसवून, कपाळावर आडवी चिरी लावून सासरी धाडले जात असे. ती वस्त्रे अंग झाकणारी होती, परंपरेला धरून होती, आणि तरीही ती तिच्या वयाची नव्हती. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षे करताना केवढा वाद झाला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ केले आणि १९७८ मध्ये ते १८ झाले. समाजधुरीणांच्या कित्येक पिढ्या खपल्या तेव्हा भारतीय मुलीला बालपण परत मिळाले. आगरकरांनी तर स्त्रियांनी जाकीट घालावे म्हणून ‘सुधारक’मधून लेखणी झिजवली. वेष बदलणे म्हणजे संस्कृती बुडणे नव्हे, हे तेव्हाच सिद्ध झाले. इतक्या कष्टाने परत मिळालेले बालपण आता फॅशनच्या नावाखाली हातचे जाऊ द्यायचे का, हा आजचा प्रश्न आहे.

म्हणूनच भारतीय पेहराव घातला की काम झाले, असेही मानता येत नाही. लग्नसराईत तीन वर्षांच्या मुलीला टोचणाऱ्या जरीचा, तिच्या वजनाला न पेलणारा घागरा आणि पाठीवर केवळ दोन नाड्यांनी बांधलेली चोळी घातली जाते. मुलगा शेरवानीत घामाघूम होतो. त्यांना मांडवात पळता येत नाही, नीट जेवता येत नाही, शौचाला जाता येत नाही. छायाचित्र मात्र उत्तम येते.

शाळांची स्नेहसंमेलनेही याला अपवाद नाहीत. लावणी ही महाराष्ट्राची अस्सल कला आहे आणि तिच्या कलावंतिणींचे ऋण मोठे आहे. पण ती प्रौढ शृंगाराची कला आहे. दुसरीतल्या मुलीला ओठ रंगवून, डोळा घालायला शिकवून रंगमंचावर उभे करणे हा त्या कलेचाही सन्मान नव्हे आणि त्या मुलीचाही नव्हे. चित्रपटगीतांवरील नाचांची कथा याहून वेगळी नाही. १८ जून २०१९ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाला खासगी वाहिन्यांसाठी सूचनापत्र काढावे लागले. नृत्यस्पर्धांच्या कार्यक्रमांत बालकांना अशोभनीय आणि वयाला न शोभणाऱ्या पद्धतीने दाखवू नये, असे त्यात बजावले होते. त्या मंचामागे टाळ्या वाजवणारे आई-वडीलच उभे असतात, हे विसरता येत नाही.

मुलीला दोष नको

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. हा प्रश्न मोठ्यांच्या जबाबदारीचा आहे, मुलीच्या चारित्र्याचा नव्हे. बालकावर अत्याचार होतो तेव्हा अपराध सर्वस्वी अत्याचार करणाऱ्याचा असतो. झबले घातलेल्या तान्ह्या मुलीही अशा क्रौर्याला बळी पडल्या आहेत. तेव्हा कपड्यांचा विषय सुरक्षिततेचे कारण पुढे करून मांडू नये. तसे केले की भीती आणि अपराधभाव मुलीच्या वाट्याला येतात आणि गुन्हेगाराला सबब मिळते.

‘असले कपडे घालतेस, लाज नाही वाटत?’ हे वाक्य कोणत्याही घरात सहा वर्षांच्या मुलीला ऐकवले जाऊ नये. कपडा निवडला कोणी? आणला कोणी? तिच्या वाढदिवसाला बांधून दिला कोणी? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मोठी माणसे आहेत. ओरडा खाऊन मुलगी शिकते ते एवढेच, की आपल्या देहात काहीतरी लाजिरवाणे आहे. म्हणजे बाजार तिला देह मिरवायला शिकवतो आणि घर तिला देहाची शरम बाळगायला शिकवते. दोन्हीकडे तिची दृष्टी देहावरच खिळते. तिला सांगायचे ते सोप्या आणि आनंदाच्या शब्दांत सांगावे: ‘हे मोठ्या ताईचे कपडे आहेत. तुला झाडावर चढायचे आहे ना? मग त्यासाठी चांगला कपडा शोधू.’

घर, शाळा आणि दुकान

उपाय काही मोठे नाहीत, पण ते सातत्याने करावे लागतात. दुकानात कपडा हाती घेताना पालकांनी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. हा घालून मुलाला पळता, मांडी घालून बसता आणि लोंबकळता येईल का? तो त्याला स्वतःच्या हाताने घालता-काढता येईल का? त्यावरील वाक्य मराठीत मोठ्याने आजी-आजोबांसमोर वाचता येईल का? आणि हा कपडा आपल्याला आवडला तो मुलासाठी, की छायाचित्रासाठी? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर कपडा कोणत्या देशाच्या धाटणीचा आहे याची काळजी करण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट आप्तांची. मुलांचे अनेक कपडे भेटीदाखल येतात. आत्या, मावशी, मामा, काका प्रेमाने आणतात आणि आई-वडील संकोचाने गप्प राहतात. वाढदिवसाच्या आधीच ‘सुती, सैल, खेळता येईल असे काही आणा’ एवढे सांगण्याने कोणाचाही अवमान होत नाही. एकाच इमारतीतील किंवा वर्गातील पाच-सहा कुटुंबांनी असे ठरवले, तर ‘सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नाही’ हे मुलांचे सर्वांत प्रभावी अस्त्रही बोथट होते.

शाळांनी स्नेहसंमेलनाची गाणी आणि वेषभूषा पालक-शिक्षक संघासमोर आधी ठेवावीत. शाळेचा गणवेश हे वयाला साजेशा कपड्याचे चांगले उदाहरण आहे, आणि गणवेशाच्या व्यवसायात सोलापूरने नाव मिळवले आहे. महाराष्ट्रात कापड आहे, कारागीर आहेत, शिवणारे कुशल हात आहेत. मुलांसाठी मजबूत, सुती, देखणे आणि वाढत्या अंगाचे कपडे तयार करणाऱ्या उद्योजकांना येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. पालकांनी नको त्या मालाकडे पाठ फिरवावी, हे जितके आवश्यक, तितकेच चांगला माल करणाऱ्याला दोन पैसे अधिक देणेही आवश्यक आहे.

शेवटी तक्रारीचा मार्ग. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी न्यूनभाव निर्माण करणारी, किंवा वस्तू न घेतल्यास ती इतरांत हीन ठरतील असे सुचवणारी जाहिरात त्यांत निषिद्ध मानली आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीविषयक कायद्यात मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करणारी तरतूद आहे. ही तत्त्वे जाहिरातींपुरती आहेत, कपड्यांच्या घडणीला ती लागू होत नाहीत, हे खरे. पण जाहिरातीविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे दाद मागता येते. कपड्याबद्दल दुकानाच्या व्यवस्थापकाला चार सौम्य ओळी लिहिता येतात. ‘हा कपडा या वयाच्या मुलीसाठी योग्य नाही, म्हणून आम्ही तो घेतला नाही,’ एवढेच लिहावे. विक्रेत्याला न झालेल्या विक्रीचे कारण सहसा कळत नाही. ते कळले की पुढच्या हंगामाची मागणी नोंदवताना तो विचार करतो.

मुले मोठी होणारच आहेत. त्यांना स्वतःची निवड करण्याचे वय येईल, तेव्हा ती करतीलही, आणि ती प्रत्येक वेळी आई-वडिलांना रुचेलच असे नाही. तो त्यांचा अधिकार असेल. पण त्या निवडीआधीची दहा-बारा वर्षे निश्चिंतपणे खेळण्याची, पडण्याची, गुडघे फोडून घेण्याची आणि कपडे मळवण्याची आहेत. ती एकदाच मिळतात. संध्याकाळी मातीने माखलेला फ्रॉक धुताना घरातील कोणाला कंटाळा आला, तर त्याने एवढे मनात आणावे, की आजचा दिवस त्या मुलीने तिच्या वयाप्रमाणे घालवला आहे.